सातारा-देवळाईत घर घ्यावे का?

वाचकाचे पत्र: मी शासकीय रुग्णालयात परिचारिका आहे. माझे पती वाळूजच्या एका कारखान्यात कंत्राटी पर्यवेक्षक आहेत. दोघांचे मिळून महिन्याला 77 हजार रुपये हाती येतात. आम्ही मूळचे केज तालुक्यातले असून छत्रपती संभाजीनगरात गारखेडा भागात 10 हजार रुपये भाड्याने राहतो. मुलगी सहावीत आणि मुलगा दुसरीत आहे. शिल्लक 10 लाखांची आहे. सध्या तीन पर्याय समोर आहेत. देवळाईत बांधकाम सुरू असलेला टू बीएचके 38 लाखांना मिळतो आहे, शहरातल्याच सातारा परिसरात आठ वर्षांच्या इमारतीतला टू बीएचके 29 लाखांना, आणि त्याच बाजूला 20 बाय 30 चा प्लॉट बाँडवर 9 लाखांना. गावाकडची दोन एकर विकून प्लॉटवर घर बांधावे, असे सासऱ्यांचे म्हणणे आहे. एजंट सांगतो की टोयोटाचा कारखाना आला की इथले भाव दुप्पट होतील, नव्या फ्लॅटवर 2 लाख 67 हजारांची सबसिडीही मिळेल, फक्त पाडव्याआधी 51 हजार टोकन द्या. आम्ही काय करावे?

ताई,

आपण आकडे लपवून न ठेवता लिहिलेत, त्यामुळे उत्तरही स्पष्ट देता येते. बाँडवरचा, म्हणजे नोंदवलेल्या खरेदीखताऐवजी नुसत्या मुद्रांक कागदावरचा, प्लॉट घेऊ नये. बांधकाम सुरू असलेला फ्लॅट आपल्या मिळकतीला आज झेपणारा नाही. जुन्या इमारतीतला फ्लॅट घेण्यासारखा आहे, मात्र त्याची परवानगी, त्याचे पाणी आणि त्याच्या जमिनीचे कागद या तीन गोष्टी तपासून झाल्यावरच. गावाकडची जमीन यात आणूच नये. असे का म्हणतो, ते आता सविस्तर सांगतो.

एजंटचे सगळे गणित ‘लोक येत आहेत’ या एका वाक्यावर उभे आहे आणि ते वाक्य खोटे नाही. 1991 च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सुमारे 5 लाख 73 हजार होती, 2001 मध्ये ती 8 लाख 73 हजार आणि 2011 मध्ये 11 लाख 75 हजार झाली. म्हणजे दोन्ही दशकांत शहरात जवळपास सारखीच, तीन-तीन लाखांची भर पडली. पण पहिल्या दशकात ती वाढ 52 टक्के होती, तर दुसऱ्या दशकात 35 टक्क्यांच्या आत आली. त्यानंतर जनगणनाच झालेली नाही. 2021 ची लांबणीवर पडली आणि पुढची 2027 मध्ये होणार आहे. त्यामुळे माहितीपत्रकांवर छापलेले ‘वीस लाखांचे शहर’ वगैरे आकडे अंदाजाचे आहेत, आणि सातारा-देवळाई तर 2011 मध्ये महापालिकेच्या हद्दीतही नव्हते. शहर वाढते आहे यात शंका नाही. परंतु ते किती वेगाने वाढते आहे, हे छातीठोकपणे सांगणाऱ्याला काहीतरी विकायचे असते.

किती लोक येतात यापेक्षा कोण येतात हे आपल्यासाठी अधिक महत्त्वाचे आहे. बीड बायपासच्या दक्षिणेला गेल्या पंधरा-वीस वर्षांत जी वस्ती झाली, तिच्यात बीड, जालना, परभणी, हिंगोलीकडून मुलांच्या शिक्षणासाठी आलेली कुटुंबे आहेत. गावाकडे शेती ठेवून शहरात निवृत्तीचे घर बांधणारे शिक्षक आणि कर्मचारी आहेत. बारा जिल्ह्यांचे काम चालणाऱ्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठामुळे इथे आलेले वकील आहेत. आणि जुन्या शहरातल्या, सिडकोतल्या एकत्र घरांतून वेगळे निघालेले भाऊही आहेत. या शेवटच्या गटाकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. एका घराची तीन घरे झाली की लोकसंख्येत एकाचीही भर न पडता घरांची मागणी तिप्पट होते. यांतले बहुतेक लोक एकदाच घर घेतात, राहण्यासाठी घेतात आणि पैसे मोजून घेतात. पाच वर्षांनी दुप्पट भावाने आपला फ्लॅट विकत घेईल असा ग्राहक या गर्दीत थोडाच आहे.

टोयोटाचेही असेच आहे. जुलै 2024 मध्ये राज्य सरकारशी सुमारे 20 हजार कोटींच्या गुंतवणुकीचा सामंजस्य करार झाला आणि जागा बिडकीनच्या ऑरिक या औद्योगिक वसाहतीत ठरली, इतके खरे. बिडकीन पैठण रस्त्यावर आहे आणि महानुभाव आश्रम चौकातून बीड बायपासने साताऱ्याला येता येते, हेही खरे. पण कारखाना आला म्हणजे कामगार इथेच फ्लॅट घेतील, हा निष्कर्ष वाळूजच्या अनुभवाशी जुळत नाही. तिथल्या कंत्राटी कामगारांनी बजाजनगर, रांजणगाव, जोगेश्वरी, पंढरपूर या कारखान्यालगतच्या वस्त्यांत खोल्या भाड्याने घेतल्या. शहराच्या दुसऱ्या टोकाला घर घेण्याची ऐपत आली ती कायम झालेल्यांना, तीही बऱ्याच वर्षांनी. आपले पतीच कंत्राटी आहेत, तेव्हा हे मी आपल्याला वेगळे सांगायला नको.

शिवाय भाव चढतो तो प्रामुख्याने जमिनीचा. फ्लॅटमध्ये आपल्या वाट्याला जमिनीचा अविभक्त हिस्सा येतो, तो लहान असतो, आणि वरची इमारत दरवर्षी जुनी होत जाते. मुंबईत जागाच नसल्यामुळे जुना फ्लॅटही महाग होतो. इथे साताऱ्याचा डोंगर सोडला तर बाकी दिशांना शेते मोकळी आहेत आणि दर सहा महिन्यांनी शेजारी नवी स्कीम उभी राहते. त्याच भागातला आठ वर्षे जुना फ्लॅट 29 लाखांना आणि नवा 38 लाखांना मिळतो, हे आपल्याच पत्रात आहे. आज 38 लाखांत घेतलेला फ्लॅट आठ वर्षांनी कोणत्या रांगेत उभा असेल, याचा अंदाज त्यावरून करता येतो.

आता परवानगी. या भागाचे सर्वांत अडचणीचे वैशिष्ट्य असे की थोड्याच वर्षांत इथला कारभार अनेक हातांतून गेला. सातारा आणि देवळाई या आधी स्वतंत्र ग्रामपंचायती होत्या. मग शहराभोवतीच्या 28 गावांचे झालर क्षेत्र ठरवून त्याचे नियोजन सिडको या शासकीय संस्थेकडे देण्यात आले, त्यात ही गावे होती. 2014 मध्ये दोन्ही गावांची मिळून नगर परिषद झाली आणि 2015 मध्ये ती महापालिकेत विलीन झाली. त्यामुळे एकाच रस्त्यावरच्या तीन इमारतींच्या परवानग्या तीन वेगवेगळ्या कार्यालयांच्या शिक्क्यांच्या असू शकतात. ग्रामपंचायतीच्या ठरावावर चार-चार मजले चढलेल्या इमारती या भागात आहेत आणि त्या विकल्याही गेल्या आहेत. आपण पाहिलेल्या इमारतीचा मंजूर नकाशा हातात घेऊन त्यावरील तारीख वाचावी, त्या तारखेला परवानगी देण्याचा अधिकार त्या कार्यालयाला होता का, हे महापालिकेच्या नगररचना विभागात विचारावे, आणि मग नकाशावरचे मजले व प्रत्यक्षातले मजले मोजावेत. पार्किंगच्या जागी दुकान किंवा वन आरके काढलेला असेल तर तोही मोजावा. भोगवटा प्रमाणपत्र (बांधकाम पूर्ण होऊन इमारत वापरायला योग्य असल्याचा दाखला) मागितल्यावर ‘मालमत्ता कर भरतो ना आम्ही’ असे उत्तर मिळाले, तर ते प्रमाणपत्र नाही असे समजावे. कर भरल्याने बांधकाम अधिकृत होत नाही. अनधिकृत बांधकामालाही कर लागतो.

फ्लॅट ‘लोन अप्रूव्ह्ड’ आहे यावरही विसंबू नये. बँकेचा वकील शीर्षक, म्हणजे मालकी हक्काचे कागद, पाहतो ते बँकेचे कर्ज बुडू नये म्हणून. आपण स्वतःचा वकील लावून मालकीच्या तीस वर्षांच्या नोंदींचा शोध घ्यावा. त्याची फी व्यवहाराच्या मानाने किरकोळ असते.

पाण्याबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण या शहरात घराची खरी किंमत नळ ठरवतो. जायकवाडी उशाशी असूनही शहराला कित्येक वर्षे काही दिवसांआड पाणी मिळत आले आहे. धरणात पाणी नव्हते म्हणून असे झाले नाही. 700 आणि 1400 मिलिमीटरच्या जुन्या वाहिन्यांची पाणी वाहून आणण्याची क्षमता शहराला पुरेनाशी झाली होती. 2500 मिलिमीटर व्यासाच्या वाहिनीची नवी योजना 2019 मध्ये 1680 कोटींची म्हणून मंजूर झाली आणि पुढे तिचा खर्च 2740 कोटींवर गेला. जाहिरातीत ‘नवीन पाइपलाइन मंजूर’ असे लिहिलेले असते. आपण मात्र रस्त्यातली वाहिनी, जवळचा जलकुंभ आणि इमारतीची अधिकृत जोडणी या तीन गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्यात. वाहिनी टाकलेली आहे पण जलकुंभाशी जोडलेली नाही, असे घडते.

याहून सोपी परीक्षा म्हणजे सोसायटीच्या सचिवांकडून मागच्या मार्च ते जून या चार महिन्यांचा हिशेब मागून घेणे. टँकरवर किती गेले, किती फ्लॅटमध्ये ते वाटले गेले आणि बोअर कोणत्या महिन्यात आटला, हे त्या वहीत असते. मेंटेनन्स ‘फक्त हजार रुपये’ सांगणाऱ्या इमारतीत उन्हाळ्यात टँकरची वर्गणी वेगळी काढली जाते, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. त्याच भेटीत सांडपाणी भूमिगत गटारात जाते की सेप्टिक टँकमध्ये, तेही पाहावे. टँक असेल तर तो बोअरपासून किती अंतरावर आहे, हे आपण परिचारिका असल्यामुळे अधिक जाणीवपूर्वक पाहाल.

एक संध्याकाळही त्यासाठी काढावी. रात्री साडेआठला इमारतीत किती खिडक्यांत उजेड आहे, खालच्या पाट्यांवर किती नावे आहेत आणि किती पाट्या कोऱ्या आहेत, हे मोजून पाहावे. अर्धे फ्लॅट बंद असतील तर मालक बाहेरगावी आहेत, मेंटेनन्स थकलेला आहे आणि लिफ्ट बंद पडली की दुरुस्तीला पैसे गोळा होणार नाहीत, असे धरून चालावे. प्रत्येक मजल्यावर कॉट-बेसिसने, म्हणजे एकेका खाटेचे भाडे देऊन, राहणारी मुले असतील तर त्यात गैर काही नाही. पण सोसायटीची बैठक घेऊन निर्णय करणारे तिथे कमी असतात. आपली दुसरी पाळी रात्री उशिरा संपत असेल, तर त्या वेळी बायपासवरून आत गल्लीपर्यंत रिक्षा मिळते का आणि रस्त्यावर दिवे आहेत का, हे दिवसा पाहून कळणार नाही.

आता हिशेब. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी एक लाखाला सुमारे 868 रुपये हप्ता पडतो. जुन्या फ्लॅटसाठी 23 लाखांचे कर्ज घेतले तर हप्ता 20 हजारांच्या आसपास येईल. खरेदीखत आपल्या एकटीच्या नावावर केल्यास मुद्रांक शुल्कात महिलांसाठीची एक टक्क्याची सवलत मिळते, म्हणजे 29 हजार रुपये वाचतात. नोंदणी फी एक टक्का असली तरी 30 हजारांच्या वर जात नाही. किंमतीतले वरचे 6 लाख आणि हे खर्च आपल्या शिल्लकेतून दिले तरी सुमारे 2 लाख हाताशी उरतात. ते रंगरंगोटीत आणि मॉड्युलर किचनमध्ये घालवू नयेत. कंत्राटी नोकरीच्या घरात सहा महिन्यांच्या हप्त्यांएवढी रक्कम बाजूला असावीच. ती पुरी करायला आपल्याला आणखी काही लागणार नाही, फक्त रंगाला वर्षभर थांबावे लागेल.

नव्या फ्लॅटचे गणित वेगळे आहे. 38 लाख, त्यावर जीएसटी, मुद्रांक, नोंदणी आणि सोसायटीची अनामत धरून 30 लाखांच्या वर कर्ज लागेल आणि पूर्ण कर्ज उचलल्यावर हप्ता 26 हजारांच्या पुढे जाईल. ताबा लांबला तर गारखेड्याचे 10 हजार भाडे त्याच्या जोडीला चालूच राहील. 77 हजारांतून 36 हजार घरासाठीच गेल्यावर दोन मुलांच्या शाळांना काय उरेल, याचा विचार करावा. एजंटचा सबसिडीचा आकडाही दुरुस्त करून देतो आणि जीएसटीचा एक नियम सांगतो. 2 लाख 67 हजारांची व्याज सवलत जुन्या योजनेतली कमाल रक्कम होती आणि अल्प उत्पन्न गटासाठी ती योजना मार्च 2022 मध्ये संपली. 2024 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना शहरी 2.0 मध्ये व्याज सवलत जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार आहे, आणि तिच्यासाठी वार्षिक कौटुंबिक उत्पन्न 9 लाखांच्या व घराची किंमत 35 लाखांच्या आत असावी लागते. नव्या फ्लॅटसाठी आपण दोन्ही अटींवर बाद ठरता. दुसरे असे की बांधकामाधीन घराची किंमत 45 लाखांच्या आत आणि चटई क्षेत्र 90 चौरस मीटरच्या आत असेल, तर आपल्यासारख्या महानगर नसलेल्या शहरात जीएसटी एक टक्का असतो. सरसकट पाच टक्के धरून कोणी कोटेशन देत असेल, तर त्याला हा नियम दाखवावा.

‘भाड्यात पैसे वाया जातात’ हे वाक्य आपल्याला ऐकवले गेले असेलच. 29 लाखांच्या घरासाठी 23 लाख कर्ज घेतल्यावर पहिल्या वर्षी निव्वळ व्याजच महिन्याला सोळा हजारांच्या वर जाते, आणि भाडे आपण दहा हजार देता. म्हणजे पहिली बरीच वर्षे घर घेणे भाड्यापेक्षा महागच पडते. तरीही घ्या म्हणतो, ते गुंतवणूक म्हणून नव्हे. मुलीची दहावी चार वर्षांवर आहे, अकरा महिन्यांच्या कराराची टांगती तलवार त्या काळात नसावी. आणि या शहरात घर भाड्याने द्यायच्या आधी ‘आडनाव काय, गाव कोणते’ असे विचारण्याची जी खोड आहे, तिच्यापासून कायमची सुटका होते. सभ्य भाषेत विचारला तरी त्या प्रश्नाचा अर्थ विचारणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला नीट कळतो. मिश्र वस्तीच्या सोसायट्या इथे थोड्या असल्या तरी आहेत, आणि दारावरच्या पाट्या वाचताना ही गोष्टही आपल्याला कळेल.

20 बाय 30 च्या प्लॉटबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. बाँडवर नोटरीचा शिक्का मारून स्थावर मालमत्तेची मालकी मिळत नाही. त्यासाठी दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले खरेदीखत लागते. गुंठेवारीचा, म्हणजे परवानगीशिवाय पाडलेले लहान प्लॉट नियमित करण्याचा, कायदा 2001 चा आहे आणि 2021 च्या दुरुस्तीने त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंत वाढवण्यात आली. अशा सवलती झाल्या-गेल्या व्यवहारांसाठी असतात, पुढे होणाऱ्यांसाठी नव्हे. अशा प्लॉटवर राष्ट्रीयीकृत बँका सहसा कर्ज देत नाहीत, म्हणजे उद्या आपल्याकडून घेणाराही रोखीतला आणि बाँडवरचाच मिळणार.

मराठवाड्यात आणखी एक पेच असतो आणि तो फ्लॅटच्या जमिनीलाही लागू आहे. 1948 पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो, त्यामुळे इनामी जमिनींचे अनेक प्रकार इथे शिल्लक राहिले. मदतमाश (निर्वाहासाठी दिलेली), खिदमतमाश (धार्मिक सेवेसाठी दिलेली), महार वतन, असे बरेच. शिवाय गायरान आणि कमाल जमीन धारणा (सिलिंग) कायद्याखाली वाटलेल्या जमिनीही आहेत. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-2 अशी नोंद असेल, तर परवानगी आणि नजराण्याशिवाय (सरकारला भरायच्या रकमेशिवाय) झालेला व्यवहार अडकतो. देवस्थानाच्या किंवा वक्फच्या सेवेसाठी दिलेली जमीन तर सहसा विकताच येत नाही. म्हणून वकिलाला आजचा सातबारा आणि फेरफार दाखवून थांबू नका, 1954-55 चे खासरा पाहणी पत्रक काढायला सांगा. जमिनीचा मूळ प्रकार त्यावर दिसतो. हा कागद तहसीलच्या अभिलेखातून मिळतो आणि आपल्याकडचे जाणते वकील तो मागतातच. आपला वकील तो मागत नसेल, तर दुसरा वकील पाहावा.

सासऱ्यांना हे आपण न सांगता आपल्या पतींनी सांगावे, असे मला वाटते. दोन एकर विकल्यावर कुटुंबाच्या नावे दुसरी शेती उरणार नसेल, तर पुढे शेतजमीन घेणे कठीण होते, कारण महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेती विकत घेता येत नाही. जमीन वडिलोपार्जित असल्यास नणंदांचाही त्यात भावाइतकाच हिस्सा आहे. त्यांच्या सह्यांशिवाय झालेली विक्री न्यायालयात जाते आणि मग घर व माहेर दोन्ही तुटते. जमीन राहू द्यावी. सासऱ्यांना मदतच करायची असेल, तर हंगामाचे धान्य आणि डाळ पाठवून ते घरखर्चाला हातभार लावू शकतात, आणि तो हातभार लहान नसतो.

राहता राहिला पाडवा. टोकनच्या पावतीवर ‘नॉन-रिफंडेबल’ असे छापलेले असते, म्हणून ती पावती घेऊ नये; त्याऐवजी मूळ मालकाच्या सहीची इसार पावती (आगाऊ रकमेचा लेखी करार) करावी आणि रक्कम एजंटच्या नव्हे, मालकाच्या नावाच्या धनादेशाने द्यावी. त्यात मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचे ना हरकत पत्र आणि मालकाच्या कर्जाचा बँकेचा दाखला, यांतले काहीही पंचेचाळीस दिवसांत मिळाले नाही किंवा वकिलाचा शोध अहवाल प्रतिकूल आला, तर पूर्ण रक्कम परत, अशी अट लिहून घ्यावी. मालकाने सही केली तर पाडव्याला इसार द्यायला हरकत नाही. न केल्यास पाडव्यानंतर महिनाभराने अक्षय्य तृतीया असते, आणि त्या परिसरात ‘विकणे आहे’च्या पाट्या तोवर कमी झालेल्या नसतील.